वीस मिनिटांचं सांत्वन

फेब्रुवारी सरत आला की आमच्या बिल्डिंगखालून द्राक्षांचे टेम्पो जाऊ लागतात. सकाळी अजून अंगावर शाल लागते, अकरा वाजता ती नकोशी होते आणि दुपारी तीनला पंखा लावावा लागतो. या दिवसांना धड थंडी म्हणता येत नाही, धड उन्हाळाही नाही. भाची किलोभर द्राक्षं आणते, मिठाच्या पाण्यात घालून ठेवते आणि म्हणते, "आत्या, खा ना, गोड आहेत." मी सांगते, दात आंबतात. माझे दात काढून सात वर्षं झाली, कवळीला काय आंबायचंय, हे तिलाही ठाऊक आहे. ती बिचारी वाटी उचलून घेऊन जाते.

या दिवसांत लोकांना दहावी-बारावीच्या परीक्षा आठवतात. मलाही परीक्षाच आठवतात, फक्त त्या मुलांच्या नव्हत्या. चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, व्हायला निघालेल्या, मिशा असलेल्या, बहुतेक लग्न झालेल्या पुरुषांच्या होत्या. त्यांना नापास करायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते मन लावून केलं.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. आज गंगापूर रोडला जिथं मोबाइलची दुकानं आणि क्लासेसचे बोर्ड आहेत तिथं तेव्हा पेरूच्या बागा होत्या, मधून मधून द्राक्षांचे मांडव होते. रस्त्यापासून आत आमच्या धर्मप्रांताचा एक जुना दगडी बंगला होता, उतरत्या कौलांचा. शेजारच्या मळ्यात मोरचूद-चुन्याची फवारणी झाली की व्हरांड्यातल्या खुर्च्यांवर निळसर पावडर बसायची. मी ती पदरानं झटकून बसत असे. चार-पाच पंथांची चर्चं एकत्र येऊन त्यांनी नवं नाव घेतलं होतं, पण आमचे आर्चडीकनसाहेब, म्हणजे बिशपच्या खालोखालचे, हाडाचे अँग्लिकनच राहिले. त्यांच्या लेखी ते एकत्र येणं कागदावरचं होतं. प्रभुभोजनाचा प्याला कोणत्या हातानं उचलावा इथपासून ते चहात दूध आधी की नंतर इथपर्यंत त्यांची मतं ठरलेली होती, आणि ती सगळी इंग्लंडहून आलेली होती. उमेदवार निवडायचं काम त्यांच्याकडे होतं.

लेंट लागला, म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस सुरू झाले, की पहिल्या आठवड्यात उमेदवार बंगल्यावर तीन दिवस राहायला येत. ते तीन दिवस मौन. जेवतानाही बोलायचं नाही. वर्तमानपत्र नाही. घरून पत्र आलं तर ते शेवटच्या दिवशी हातात पडायचं. तोंड उघडायचं ते फक्त परीक्षकांपुढे. भात हवा असेल तर बोट दाखवायचे, मीठ हवं असेल तर चिमूट करून दाखवायचे. सहा फुटी गडी माणसं मुक्यासारखे हातवारे करताना बघून मला हसू यायचं, आणि मी ते लपवतही नसे.

पहिले दोन दिवस शास्त्र आणि सिद्धांत. ते एक निवृत्त प्राध्यापक विचारत. देव एक की तीन? तीन, तर एक कसा? भाकर आशीर्वाद दिल्यावर भाकरच राहते का? देव चांगलाही आहे आणि सर्वशक्तिमानही आहे, तर मग माणूस रडतो का? एकदा पुण्याहून शिकून आलेल्या एका उमेदवारानं या शेवटच्या प्रश्नाची पाच कारणं सांगितली, बोटांवर मोजत, आणि पाचवं सांगून झाल्यावर समाधानानं फाउंटन पेनला टोपण लावलं. उत्तर ऐकताना प्राध्यापक डोळे मिटून घ्यायचे. पसंत पडलं म्हणून मिटलेत की डुलकी लागली म्हणून, हे कुणालाच कळायचं नाही.

तिसऱ्या दिवशी मी.

मी त्यात कशी आले तेही सांगते. माझे यजमान रेल्वेत गार्ड होते, इगतपुरीला. तिथल्या पावसात समोरचा माणूस दिसत नाही. आषाढातल्या अशाच एका सकाळी ते यार्डात मागं सरकणाऱ्या डब्याखाली गेले. मी एकोणतीस वर्षांची होते, तिथंच शाळेत शिकवत होते, मूलबाळ नव्हतं. तिसऱ्या दिवशी आमचे पाळक सांत्वनाला आले. शास्त्रातलं वचन म्हणाले. देवाची योजना आपल्याला कळत नाही म्हणाले. शेजारणीनं केलेले पोहे दोन बशा खाल्ले, आणि उठता उठता विचारलं, "रविवारी ऑर्गन तुम्हीच वाजवता ना? मग या रविवारचं काय करायचं?"

पुढं मी नाशिकला मुलींच्या शाळेत आले. एका नाताळच्या चहापानात आर्चडीकनसाहेबांना गाठून मी हे सगळं ऐकवलं, आणि विचारलं, "अशा माणसाला पाळक केलं कुणी?"

ते शांतपणे म्हणाले, "मी."

कपातला चहा संपवला आणि म्हणाले, "मिसेस साळवे, पुढच्या खेपेला तुम्ही या. मला नाही कळत माणसं. तुम्हाला कळतील."

अशी ती परीक्षा सुरू झाली. बंगल्याच्या मागच्या बाजूच्या एका खोलीत दोन खुर्च्या. एकीवर मी, एकीवर उमेदवार. पलीकडे अर्धा ओढलेला पडदा, त्यामागं साहेब आणि प्राध्यापक. मला नवरा जाऊन तीनच दिवस झालेत असं धरायचं, आणि उमेदवारानं वीस मिनिटं माझं सांत्वन करायचं. तो बाहेर गेला की साहेब मला एकच प्रश्न विचारत: हा माणूस तुमच्या घरी पुन्हा आला तर चालेल का? हो किंवा नाही. त्यावर चर्चा नाही. माझं नाही म्हणजे नाही.

"ॲक्टिंग करू नका," साहेबांनी पहिल्या वर्षी बजावलं होतं. "त्या दिवशी जशा होता तशा बसा." त्यांना वाटत होतं, दरवर्षी ते दुःख बाहेर काढून उन्हात टाकलं की माझंही भलं होईल. गाद्या उन्हात टाकतात तसं. बाईमाणसाच्या दुःखाचा असाही उपयोग होतो हे त्यांना सुचलं, आणि मलाही ते वावगं वाटलं नाही.

पहिल्या वर्षी मी खरी रडले. दुसऱ्या वर्षी लक्षात आलं, ठरवलं की रडता येतं. तिसऱ्या वर्षापासून मी रडायचं सोडलं आणि प्रश्न विचारू लागले. एक गोरा, सडपातळ उमेदवार होता, त्यानं मला पुनरुत्थानाचं समजावून सांगितलं. शेवटच्या दिवशी मेलेले उठतील, तुमचे यजमानही उठतील. मी त्याला विचारलं, "पायांसकट उठतील का हो? आम्ही ते वेगळे उचलले होते." तो उठला, मागच्या मोरीत जाऊन ओकला. साहेबांनी विचारलं, मी नाही म्हटलं, आणि दुपारी पोटभर जेवले. लेंट असूनही त्या दिवशी मटण होतं.

मला त्यात सुख मिळत होतं. हे कबूल करायला मला चाळीस वर्षं लागली, आता कुणाला काय वाटेल याची भीती उरलेली नाही म्हणून लिहिते. समोर बसलेला माणूस घाम पुसतोय, वचन आठवतोय, आठवलेलं वचन माझ्या तोंडाकडे बघून गिळतोय, हे बघायला मला आवडायचं. वर्षभर शाळेत मी साधी, अबोल बाई होते. फळा पुसायचे, वह्या तपासायचे. फेब्रुवारीच्या शेवटी तीन दिवस मी कोणीतरी असायचे.

लूकस पगारे सायखेड्याचा. गोदावरीच्या काठचं मोठं गाव ते, पण आमच्या लोकांची घरं तिथं मोजकीच. तो तिथल्या मंडळीचा उपदेशक होता. रविवारी उपासना चालवायची, आजाऱ्यांना भेटायचं, एरवी शेतीचं काम. बाप लहानपणीच वारलेला. आई बायबलबाई होती, म्हणजे गावोगाव पायी फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवायची. मुलगा पोटात असतानाच तिनं त्याला देवाला देऊन टाकलं होतं, आणि मोठा झाल्यावर त्याच्याकडूनही तसा शब्द घेतला होता, पाळक होऊनच दाखवीन म्हणून. तेहतिशीचा होईपर्यंत तो शब्द त्याच्या पाठीवर होता. उमेदवाराला तीनच खेपा मिळायच्या. तिसऱ्यांदा नापास झाला की त्याचं नाव कायमचं कमी.

पहिल्या खेपेला त्याला प्राध्यापकांनी पाडलं. देव एक की तीन या प्रश्नावर तो म्हणाला होता, "सर, मी तिघांनाही हाक मारून पाहिली. जो येईल तो येईल." प्राध्यापकांचे डोळे त्या दिवशी टक्क उघडे होते. दुसऱ्या खेपेला सिद्धांतात कसाबसा सुटला आणि माझ्यासमोर आला. वीस मिनिटं आपल्या चपलांकडं बघत बसला. वेळ संपता संपता म्हणाला, "बाई, पाणी आणू का?" पडद्यामागून कुणीतरी हं असं कौतुकानं हुंकारलं ते मी ऐकलं. मी नाही म्हटलं. त्याचं ते गप्प बसणं मला आवडलं होतं, पण कौतुक दुसऱ्याच कुणीतरी केलं होतं, म्हणून नाही.

तिसऱ्या खेपेचं ते वर्ष. शेवटचा दिवस, माझा दिवस. मी नऊला व्हरांड्यात बसले होते. उमेदवारांचं टपाल ताब्यात घ्यायचं कामही माझंच होतं. पोस्टमन सायकल लावून आला, त्यानं सहीसाठी कागद पुढं केला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, तार हाय. शिरियसची." लूकसच्या नावानं होती, निफाडहून केलेली. मी ती फोडली. दुसऱ्याची तार फोडू नये हे मी मुलींना शिकवत असे. आत एवढंच होतं: मदर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली.

ज्यांनी तारा बघितल्या नाहीत त्यांना सांगायला हवं. आपल्याकडे माणूस गेला असं तारेत कुणी लिहीत नसे. वाचणारा प्रवासात असणार, वाटेत त्याचं काही बरंवाईट व्हायला नको, म्हणून गेलेल्याला सिरियस लिहायचं. घेणाऱ्यालाही ते ठाऊक असायचं. सिरियस वाचलं की बायका गळा काढायच्या, पुरुष पांढरा सदरा शोधायचे. खरोखर सिरियस असलेल्या माणसासाठी वेगळा शब्दच आम्ही शिल्लक ठेवला नव्हता.

मी तार साहेबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "गेलेली दिसते."

"हो."

"त्याची पाळी केव्हा?"

"साडेअकरा. शेवटची."

त्यांनी चष्मा काढला. "आत्ता सांगितलं तर निघून जाईल. यंदाची खेप गेली की संपलंच त्याचं. त्या म्हातारीला तरी हे आवडलं असतं का?" मग तार माझ्याकडे परत दिली. "तुम्ही ठरवा, मिसेस साळवे. यातलं तुम्हाला जास्त कळतं."

मी म्हणाले, "आधी होऊन जाऊ दे. गेलेल्या माणसाला कसली घाई?"

त्याची पाळी पहिली लावता आली असती. ते मला तेव्हाच सुचलं होतं. दहाला तो मोकळा झाला असता. मी बोलले नाही. शेवटच्या खेपेचा माणूस कसा मोडतो ते मला बघायचं होतं, आणि असं काही बघायचं तर ते शेवटी, सावकाश. तार मी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि पहिल्या उमेदवाराला आत बोलावलं.

लूकस साडेअकराला आला. धुतलेला सदरा, इस्त्री नाही. बसला. या वेळी चपलांकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, त्यांचा डबा कोण भरायचं?"

मी प्रश्न तयार ठेवून बसले होते. मला हे कुणी विचारलेलं नव्हतं, सासरच्यांनी नाही, आईनं नाही. म्हणाले, "मी."

"त्या दिवशी काय दिलं व्हतं?"

"मेथीची भाजी. दोन भाकरी." आणि मग, का ते मला आजही सांगता येणार नाही, मी ते बोलून गेले जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. "डबा दिला नाही. आपटला. आमचं भांडण झालं होतं. बदलीवरून. मी म्हटलं, जा, आणि परत नाही आलात तरी चालेल."

पडद्यामागं खुर्ची करकरली. लूकस जरा पुढं सरकला.

"बाई," तो म्हणाला, "ज्याला परत यायचं नसतं ना, तो भांडत नाय. गुपचूप जातो. ते भांडले, म्हंजी संध्याकाळी यायचंच व्हतं त्यांना." आणि म्हणाला, "तुमचं शेवटचं बोलणं त्यांनी ऐकलं, खरं हाय. पण शेवटचं म्हणून नाय ऐकलं. रोजचं म्हणून ऐकलं. त्यांच्या कानात ते तेवढंच हाय, रोजच्याएवढं. मोठं तुम्ही केलं, नंतर."

मी रडले. ठरवून नाही. नाकातून पाणी, तोंडातून आवाज, असं गलिच्छ रडले. सात वर्षं ते वाक्य मी घशात धरून बसले होते, आणि या माणसानं ते दोन बोटांनी काढून बाजूला ठेवलं. वीस मिनिटं झाली. साहेब खाकरले. मी पडद्याकडे हात हलवून त्यांना गप्प केलं. मला आणखी हवं होतं. मी त्याला यजमानांचं सगळं सांगत बसले, त्यांची शिट्टी, त्यांचा कंदील, ते झोपेत सिग्नल कसे बडबडायचे. तो विचारत गेला, मी सांगत गेले. तो उठायला लागला की मी पुन्हा काहीतरी काढायची. पर्स माझ्या मांडीवर होती. तीवर माझे हात होते. तार आत आहे हे मी विसरले नव्हते. मला आठवत होतं, आणि तरीही मी त्याला सोडत नव्हते.

माणूस भुकेला असतो तेव्हा ताटात कुणाच्या वाटचं आहे हे बघत नाही, असं मी पुढं स्वतःला सांगून पाहिलं. त्यानंही काही भागलं नाही. मी बघितलं होतं कुणाच्या वाटचं आहे ते.

बाराचाळीसला तो बाहेर आला. साहेबांनी मला प्रश्न विचारलाच नाही, माझ्या तोंडाकडे बघून फक्त मान हलवली. मी व्हरांड्यात जाऊन लूकसच्या हातात तार दिली. त्यानं वाचली. खाली बसला, पायरीवरच. मग वर बघून म्हणाला, "उपकार झाले बाई. आधी दिली असती तर मला बोलता आलं नसतं. आईची इच्छा राह्यली असती."

त्यानं माझे आभार मानले. आणि पिशवी घेऊन एसटी गाठायला पळत सुटला. फाटकापाशी त्याची एक चप्पल निघाली, ती हातात घेऊनच पळाला.

चौथ्या दिवशी तो परत आला. शाळा सुटल्यावर मी बंगल्यावर निकालाच्या यादीवर सही करायला गेले होते. साहेब मालेगावच्या बाजूला दौऱ्यावर होते. टेबलावर टाइप केलेली यादी, चार नावं, लूकसचं सगळ्यात वर. शेजारी प्राध्यापकांची सही. माझी बाकी होती. तो दारात उभा राहिला, डोक्याला रुमाल बांधलेला. मी बसा म्हटलं. बसला नाही.

"तार नऊ वाजताची हाय," तो म्हणाला. "पोस्टाचा शिक्का हाय तीवर."

"हो."

"मी तुमच्याम्होरं बसलो तवा ती कुठं व्हती?"

मला खोटं बोलता आलं असतं. "माझ्या पर्समध्ये."

त्यानं मान हलवली, जणू एवढंच नक्की करायचं होतं. मग सांगू लागला, आवाज न चढवता. "ती गेली नव्हती बाई. शिरियसच व्हती. पहाटं छातीत कळ आली. एक वाजेस्तवर जित्ती व्हती. शुद्धीत. वहिनीला म्हणायची, लूकस आला का, बघ एसटी आली का. नऊला निघालो असतो तर अकराला पोचलो असतो. दोन तास भेटली असती. मी तीनला गेलो."

मी म्हणाले, "आम्हाला वाटलं..."

"मलाबी तेच वाटलं. सगळ्यांना तेच वाटतं. मातीच्या वेळी सगळे मला म्हणाले, तू उपदेशक, तूच बोल. मी जे तुम्हाला बोललो तेच बोललो. दुसरं मला येतंय कुठं. बोलताना माझं मलाच कळलं, हे खोटं हाय. तिनं रोजचं म्हणून नाय हाका मारल्या मला. तिला म्हाईत व्हतं शेवटचं हाय ते. ज्याला म्हाईत असतं त्याच्यासाठी माझ्याकडं एक शब्द नाय. लोक रडले, म्हणाले लय छान बोलला. मला तिथंच थुंकावंसं वाटलं."

खिडकीतून मळ्यातल्या बायकांचे आवाज येत होते, घड तोडून पेट्या भरायचं काम चाललं होतं. कुणीतरी कुणाच्यातरी सासूची नक्कल करत होतं आणि बाकीच्या हसत होत्या.

"माझं एक काम करा," लूकस म्हणाला. "मला नापास करा."

मला समजेना. म्हणाले, "नको असेल तर तुम्ही स्वतः नाही म्हणा. साहेबांना पत्र लिहा."

"ते मला येणार नाय. तिला शब्द दिलाय. जित्ती असती तर पाया पडून परत घेतला असता. आता कुणाकडून घेऊ?" त्यानं पहिल्यांदा हात जोडले. "तुमच्या एका शब्दानं नापास झालो तर शब्द मी मोडला असं व्हत नाय. मी सुटतो. गेल्या खेपेला केलंच व्हतं ना तुम्ही? तसंच करा. तुम्हाला काय अवघड हाय?"

खरंच काही अवघड नव्हतं. एवढ्या वर्षांत मी किती जणांना नाही म्हटलं होतं, पाणी विचारलं म्हणूनसुद्धा म्हटलं होतं. समोर पहिल्यांदा एक माणूस होता ज्याला माझं नाही म्हणजे दया ठरली असती. आणि मला ते जमेना. कारण त्याचे शब्द खोटे ठरले तर माझं रडणंही खोटं ठरत होतं. मग यजमानांच्या कानात माझं ते वाक्य पुन्हा होतं तेवढं मोठं होऊन बसलं असतं. चार दिवस मी नीट झोपले होते. सात वर्षांत पहिल्यांदा. ती झोप मी त्याला परत देणार नव्हते.

मी पेन उघडलं, त्याच्या देखत सही केली आणि म्हणाले, "तुम्ही चांगले पाळक व्हाल."

तो माझ्या सहीकडे बघत राहिला. मग जोडलेले हात सोडले आणि निघून गेला.

पुढं ऐंशीच्या दशकात नवे बिशप आले. त्यांनी ती खोली, तो पडदा सगळं बंद केलं. छापील फॉर्म आले, त्यावर खुणा करायच्या. मला कुणी बोलावेना. पगारेसाहेब धर्मप्रांतात चार-पाच गावी पाळक झाले, आणि जिथं गेले तिथली माणसं सांगायची, ते दारात आले की घर हलकं होतं, असा पाळक झाला नाही. लग्नाकार्यात मला हे ऐकवायचे, कारण त्यांना मी निवडलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी बरं म्हणायचे. माझी झोप म्हणाल तर ती त्या वर्षाच्या पावसाळ्यापर्यंत टिकली.

लूकसचा दीक्षाविधी त्याच वर्षी ईस्टरनंतर झाला, मे महिन्यात. कौलं तापली होती, पंखे गरम हवा फिरवत होते, आणि चर्च गच्च भरलं होतं. सायखेड्याहून एक टेम्पो भरून माणसं आली होती. त्याची वहिनी पहिल्या बाकावर, मांडीवर म्हातारीचा फोटो धरून बसलेली. आमच्या विधीत अशी रीत आहे की उमेदवाराच्या डोक्यावर हात ठेवण्याआधी बिशप मंडळीकडे तोंड करतात आणि मोठ्यानं विचारतात: या माणसाला पाळक करू नये असं काही कारण कुणाला ठाऊक असेल तर त्यानं आत्ताच पुढं येऊन सांगावं. मग थोडा वेळ थांबतात. कुणी कधी काही बोलत नाही. लोक त्या वेळात घाम पुसून घेतात.

बिशपनी विचारलं आणि थांबले. लूकस पांढऱ्या झग्यात गुडघे टेकून बसला होता, वेदीकडे तोंड करून. त्यानं मान वळवली. अशा वेळी कुणी मागं बघत नाही. त्यानं बाकं शोधत शोधत मला शोधलं, डावीकडच्या तिसऱ्या रांगेत, आणि माझ्याकडे बघत राहिला. बिशप त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. मी पदर सारखा केला आणि गीतांच्या पुस्तकात पुढचं गीत शोधू लागले.